ट्रॅक्टर न धाडताच कॉम्प्युटरला कसं कळतं?

मृग लागून पाच-सहा दिवस झाले होते. पहिला दमदार पाऊस येऊन गेला होता, काळ्या वावरात अजून पाय रुतत होता आणि सगळ्यांचं लक्ष वाफशाकडे लागलं होतं. आमच्या शेतकरी गटाचे चार ट्रॅक्टर समाजमंदिरासमोर उभे होते. ओट्यावर मी लॅपटॉप उघडून बसले होते. कोणता ट्रॅक्टर सोयाबीन पेरायला कोणत्या वावरात धाडायचा, हे ठरवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी गटासाठी लिहिला होता. स्क्रीनवर चार ओळी, चार रकाने, म्हणजे सोळा चौकोन. त्यातल्या सात चौकोनांवर प्रोग्रॅमने लाल फुली मारली होती.

टेकडीवर ज्यांचं वावर आहे ते काका वाकून बघत होते. त्यांच्या रकान्यात तीन फुल्या होत्या.

"पोरी, लाल ट्रॅक्टर माह्या वावरात येऊच शकत नाई म्हन्ते का हे?"

"चार हजारांत बसत नाही म्हणतंय, काका."

"धाडून पाह्यला का त्यानं?"

"नाही."

"सारे हिशेब करून पाह्यले का मंग?"

"तेही नाही."

"मंग कसं कळलं त्याले?"

त्या दिवशी मी काकांना जे उत्तर दिलं ते घाईचं होतं. प्रश्न मात्र इतका नेमका होता की तो डोक्यातून गेला नाही. २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारने शेतीतल्या एआयसाठी वेगळं धोरण मंजूर केलं, तेव्हापासून गावात कॉम्प्युटरने काहीही सांगितलं की 'एआयनं सांगतलं' म्हणून विषय संपतो. तसा तो संपू नये असं मला वाटतं. मशीन एखाद्या गोष्टीला 'जमत नाही' म्हणते तेव्हा ते कशावरून म्हणते, हे ज्याच्या वावरावर फुली पडली त्याला समजलंच पाहिजे. आणि ते समजायला कॉलेजात जायची गरज नाही. बेरीज-वजाबाकी आणि पंगतीत जेवल्याचा अनुभव असला की पुरे.

आधी आकडे बघू

चार ट्रॅक्टर आहेत, त्यांना रंगानेच ओळखू. चार वावरं आहेत: नाल्याकाठचं, टेकडीवरचं, गावाजवळचं आणि तलावाखालचं. प्रत्येक वावरात एक ट्रॅक्टर गेला पाहिजे आणि एक ट्रॅक्टर एकाच वावरात जाणार. डिझेल, ड्रायव्हरची मजुरी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरून खर्च असा येतो. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत.

लाल: नाल्याकाठ ९००, टेकडी १४००, गावाजवळ ६००, तलावाखाली १२००.
निळा: नाल्याकाठ १०००, टेकडी १८००, गावाजवळ ८००, तलावाखाली १३००.
हिरवा: नाल्याकाठ १३००, टेकडी १२००, गावाजवळ ९००, तलावाखाली १६००.
केशरी: नाल्याकाठ ८००, टेकडी १७००, गावाजवळ ११००, तलावाखाली ९००.

गटाच्या खात्यातून त्या दिवशी ४००० रुपयांपर्यंतच खर्च करायचा असं ठरलं होतं. काकांच्या वावरात लाल ट्रॅक्टर यायला १४०० लागतात. चार हजारांपुढे चौदाशे म्हणजे काहीच नाही. तरी त्या चौकोनावर फुली. काकांना खटकलं ते हेच.

सगळं करून पाहायला काय हरकत?

चार ट्रॅक्टर चार वावरांत वाटायचे चोवीसच प्रकार होतात. कागद-पेन घेऊन बसलं तर चहा होईपर्यंत सगळे मांडून होतील. मग चाळण्या-बिळण्या कशाला?

कारण चाराचे दहा झाले की प्रकार ३६ लाख २८ हजार ८०० होतात. आणि वीस ट्रॅक्टर, वीस वावरं झाली, म्हणजे दोन-तीन गावांचे गट एकत्र आले, की हा आकडा एकोणीस अंकी होतो. सेकंदाला एक अब्ज प्रकार तपासणारी मशीन आणली तरी तिला सत्त्याहत्तर वर्षं लागतील. वाफसा चार दिवस टिकतो. कॉम्प्युटर वेगवान असतो हे खरं, पण 'सगळं करून पाहणं' हे काम त्याच्या वेगापेक्षा फार झपाट्याने वाढतं. म्हणून करून न पाहता जे जमणार नाही ते आधीच बाजूला काढायची युक्ती लागते.

चाळणी: दाणा जाता कामा नये

ही युक्ती ज्या शाखेत वाढली तिला कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंग म्हणतात. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये आपण मशीनला 'आधी हे कर, मग ते कर' असं सांगतो. इथे फक्त अटी सांगायच्या आणि त्या पाळणारं उत्तर मशीनने शोधायचं. शोधताना जो पर्याय कुठल्याच उत्तरात बसू शकत नाही, तो आधीच काढून टाकायचा. याला फिल्टरिंग म्हणतात. मी चाळणी म्हणणार आहे.

चाळणीचा धर्म एकच. खडा राहिला तर चालेल, पण दाणा जाता कामा नये. एखादा निकामी पर्याय चाळणीतून सुटला तर पुढे थोडं जास्त शोधावं लागेल, इतकंच. पण चांगला पर्याय चुकून गेला तर अख्खं उत्तरच चुकेल. म्हणून चाळणी फुली मारते ती अंदाजाने मारत नाही, पक्क्या कारणाने मारते. सुडोकू सोडवताना 'या ओळीत सात आधीच आलाय, म्हणजे या घरात सात नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा आपण चाळतच असतो.

पैशाआधी बिनपैशाची चाळणी बघू. समजा दोन वावरं अशी आहेत की तिथे जायला अरुंद पांदण सोडून रस्ता नाही. पावसाळ्यातली पांदण कशी असते ते वेगळं सांगायला नको. तिथून लहान ट्रॅक्टरच जातो आणि गटाकडे लहान ट्रॅक्टर दोनच आहेत. आता यातला कोणता कुठे जाईल हे अजून ठरलेलं नाही. पण एक गोष्ट लगेच पक्की झाली: हे दोन्ही लहान ट्रॅक्टर त्या दोन वावरांत अडकले. बाकीच्या सगळ्या वावरांसमोर त्यांच्या नावावर फुली मारता येते. एकही वाटणी मांडून न पाहता.

फिलिप हॉल या इंग्रज गणितज्ञाने १९३५ साली जो सिद्धांत मांडला, त्याच्या पोटात हीच गोष्ट आहे: कुठल्याही ठरावीक वावरांना मिळून जितके ट्रॅक्टर चालतात, ते त्या वावरांहून कमी असता कामा नयेत. बरोबर तितकेच असतील तर ते तिथेच गुंतले. १९९४ मध्ये ज्याँ-शार्ल रेजँ या फ्रेंच संशोधकाने 'सगळे वेगवेगळ्या ठिकाणी' या अटीसाठी अशी चाळणी दिली की त्या अटीपुरता एकही खडा शिल्लक राहत नाही, आणि तीही झटपट चालणारी. या शाखेत आजही ती वापरली जाते.

पैसा आला की साधी चाळणी फसते

आता खर्चाची मर्यादा घेऊ. सरळ मनात येणारी चाळणी अशी: लाल ट्रॅक्टर टेकडीवर धाडला, १४०० झाले. बाकीच्या तिघांना आपापल्या सगळ्यात स्वस्त वावरात धाडू. निळा ८००, हिरवा ९००, केशरी ८००. बेरीज ३९००. मर्यादा ४०००. म्हणजे जमेल असं वाटतं, फुली नको.

काकांच्या मनातला हिशेब हाच होता, आणि तो चुकीचा नाही. फक्त एक गोष्ट बघा. निळ्याचं सगळ्यात स्वस्त वावर गावाजवळचं. हिरव्याचंही गावाजवळचंच. म्हणजे या हिशेबात एका वावरात दोन ट्रॅक्टर घुसलेत आणि तलावाखालचं वावर कुणी पेरलेलंच नाही. आपण पैशाची अट वेगळी तपासली आणि 'प्रत्येक वावरात एकच' ही अट वेगळी. दोन्ही चाळण्या एकेकट्या म्हणतात 'जमेल', पण दोन्ही अटी मिळून जमत नाही.

या साध्या पद्धतीने सोळाही चौकोन तपासले तर फुली एकच पडते: निळा ट्रॅक्टर टेकडीवर, कारण तिथे बेरीज ४१०० होते. प्रत्यक्षात मात्र ४००० मध्ये न बसणारे चौकोन सात आहेत. सात खड्यांतले सहा सुटले.

खर्चाचं भान असलेल्या चाळणीचा सगळा मुद्दा हा आहे. पैशाचा हिशेब वाटणी झाल्यावर शेवटी करायचा नाही, आणि वाटणीपासून तोडून वेगळाही करायचा नाही. दोन्ही अटी एकाच चाळणीत विणायच्या. मग खर्चच फुल्या मारू लागतो.

पंगतीतली सरकासरक

हे विणायचं कसं? आधी सगळ्यात स्वस्त वाटणी एकदाच काढून घ्यायची. आपल्या आकड्यांत ती अशी निघते: लाल गावाजवळ (६००), निळा नाल्याकाठी (१०००), हिरवा टेकडीवर (१२००), केशरी तलावाखाली (९००). एकूण ३७००. मर्यादा ४००० म्हणजे हाताशी उरले ३००. हे ३०० रुपये लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर चालतं.

आता काकांचा प्रश्न. लालला टेकडीवर बसवायचंच ठरवलं तर काय होईल? लग्नाच्या पंगतीत सगळे बसलेत आणि एखादा उठून दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसला तर जे होतं तेच. ज्याचं पान गेलं तो उठतो, रिकाम्या पानाकडे बघतो. ते जमलं तर तिथे बसतो, नाहीतर तिसऱ्याला उठवतो. शेवटचा माणूस पहिल्याने सोडलेल्या पानावर बसला की पंगत पुन्हा जागेवर येते. पंगत नव्याने मांडावी लागत नाही. जितके सरकले तितक्यांचाच हिशेब करायचा.

लाल गावाजवळून उठून टेकडीवर गेला: ६०० च्या जागी १४००, म्हणजे ८०० वाढले. टेकडीवरून हिरवा उठला. त्याला लालने सोडलेलं गावाजवळचं वावर मिळालं: १२०० च्या जागी ९००, म्हणजे ३०० वाचले. सरकासरक संपली. एकूण वाढ ५००. आणि याहून स्वस्त सरकासरक कुठलीच नाही. हाताशी ३००, लागतात ५००. म्हणून फुली.

अजून एक बघा, कारण तो जास्त चकवतो. केशरीला गावाजवळ धाडायला ११०० लागतात, तलावाखाली ९००. फरक फक्त २०० चा, हाताशी ३०० आहेत. बसायला हवं ना? पण केशरी गावाजवळ बसला की लाल उठतो. लाल तलावाखाली गेला तर ६०० वाढतात, एकूण ८००. लाल नाल्याकाठी गेला तर ३०० वाढतात, पण मग निळा उठून तलावाखाली जातो, त्याचे आणखी ३००, पुन्हा एकूण ८००. कुठूनही गेलं तरी ८०० च्या खाली नाही. फुली.

अशा रीतीने सातही फुल्या पडतात, नऊ चौकोन उरतात, आणि उरलेल्या प्रत्येक चौकोनासाठी ४००० च्या आतली एक तरी पूर्ण वाटणी नक्की असते. चोवीसमधल्या अशा वाटण्या चारच आहेत: ३७००, ३८००, ३९०० आणि बरोबर ४००० ची. चोवीस वाटण्या एकदाही न मांडता हे कळलं. काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. त्याने ट्रॅक्टर धाडून पाहिला नाही, सगळे हिशेबही केले नाहीत. कोण उठेल आणि कुठे बसेल, त्याची सगळ्यात स्वस्त साखळी तेवढी त्याने शोधली.

ही विद्या कुणाची?

पहिला टप्पा, म्हणजे सगळ्यात स्वस्त वाटणी, फार जुना आहे. तिची प्रसिद्ध रीत 'हंगेरियन पद्धत' म्हणून ओळखली जाते. ती १९५५ साली मांडली हॅरोल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने. नाव मात्र त्याने स्वतःचं दिलं नाही, कारण मूळ कल्पना केनिग आणि एगरवारी या हंगेरियन गणितज्ञांच्या लेखनात होती. एगरवारीचा लेख हंगेरियन भाषेत होता आणि कूनने तो शब्दकोश आणि व्याकरण शेजारी ठेवून वाचून काढला. ज्याचं श्रेय त्याला देण्याची ही रीत मला फार आवडते. पुढे असंही लक्षात आलं की जर्मनीच्या याकोबीने ही रीत त्याच्याही खूप आधी शोधली होती. लॅटिनमध्ये लिहिलेलं ते काम त्याच्या मृत्यूनंतर, १८९० मध्ये छापलं गेलं होतं आणि विस्मरणात गेलं होतं.

दुसरा टप्पा, सरकासरकीची सगळ्यात स्वस्त साखळी. एका गावाहून दुसऱ्या गावाला सगळ्यात जवळचा रस्ता शोधावा तसंच हे आहे, फक्त गावांच्या जागी ट्रॅक्टर आणि वावरं. रस्ता शोधण्याची जी रीत जगभर वापरली जाते ती एड्सखर डाइकस्ट्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅममधल्या एका कॅफेत कॉफी पिताना सुचली आणि १९५९ मध्ये छापून आली. दोन्ही टप्पे जोडून खर्चाचं भान असलेली पूर्ण चाळणी १९९९ मध्ये रेजँनेच दिली. त्यात एक ट्रॅक्टर एकाहून जास्त वावरांत जाणार असेल, कुणाला किमान दोन आणि कमाल चार वावरं द्यायची असतील, तर तेही चालतं.

इथे एक अडचण आहे. डाइकस्ट्राच्या रीतीला उणे आकडे चालत नाहीत, आणि आपल्या साखळीत तर हिरवा टेकडीवरून उतरला तेव्हा ३०० रुपये वाचले, म्हणजे उणे ३००. यावरचा तोड असा. घाट चढताना डिझेल जास्त लागतं, उतरताना वाचतं. प्रत्येक ठिकाणाची उंची माहीत असेल तर चढ-उताराचा भाग वेगळा काढून ठेवता येतो आणि उरलेला खर्च कधीच उणे येत नाही. निघायचं आणि पोचायचं ठिकाण ठरलेलं असलं की चढ-उताराची एकूण बेरीज सगळ्या रस्त्यांना सारखीच, त्यामुळे स्वस्त रस्ता स्वस्तच राहतो. या 'उंच्या' हंगेरियन पद्धतीत हिशेबाच्या ओघात आयत्याच मिळतात.

एवढं सगळं परवडतं का?

चार वावरांना परवडतं. पण चाळणी एकदाच चालवायची नसते. शोधताना मशीन म्हणते, 'समजा केशरी नाल्याकाठी', आणि लगेच पुन्हा चाळते. मग दुसरं काही समजते, पुन्हा चाळते. असं हजारो, लाखो वेळा. प्रत्येक वेळी प्रत्येक ट्रॅक्टरसाठी सगळे रस्ते शोधत बसलं तर चाळण्यातच दिवस जाईल. म्हणून चाळणी बरोबर असून भागत नाही, ती चटपटीतही असावी लागते. या विषयात आजही काम चालू आहे ते मुख्यतः इथे.

पहिली काटकसर उघड आहे: दरवेळी कोरी पाटी घ्यायची नाही. एका चौकोनावर फुली पडली आणि तो आपल्या स्वस्त वाटणीत नसेलच, तर वाटणी आहे तशीच राहते. असेल तर एकच माणूस उठला, तेवढीच पंगत नीट करायची.

दुसरी काटकसर मला विशेष आवडते. समजा तुम्हाला एवढंच बघायचंय की अमुक गावाहून तमुक गावाला दोन तासांत पोचता येतं का. जवळचा रस्ता शोधायच्या आधी तालुक्याच्या एसटी स्टँडवरून हिशेब करा. गाव ते स्टँड पाऊण तास, स्टँड ते दुसरं गाव एक तास. पावणेदोन तासांत काम झालं. यापेक्षा जवळचा रस्ता असेलही, पण तो शोधायची गरजच उरली नाही. साखळ्यांचंही तसंच. एखादं ठिकाण 'स्टँड' म्हणून निवडायचं, तिथून सगळीकडे आणि सगळीकडून तिथे किती लागतं ते एकदाच काढून ठेवायचं. ज्या चौकोनाची साखळी स्टँडमार्गेसुद्धा उरलेल्या ३०० मध्ये बसते तो चौकोन सुरक्षित, त्याला हात लावायचा नाही. जे बसत नाहीत त्यांचाच नीट तपास. रेजँ आणि मार्गो श्मीड यांनी २०२४ मध्ये खर्चाच्या चाळणीसाठी हीच कल्पना वापरली. जिथे फुली पडणारच नाही तिथे मेहनत करायची नाही, इतकं साधं शहाणपण त्यात आहे.

स्वस्त वाटणी सापडली, मग चाळायचं कशाला?

गटाच्या बैठकीत एकाने हेच विचारलं होतं. ३७०० ची वाटणी मिळाली ना, धाडा ट्रॅक्टर आणि मोकळे व्हा!

अटी दोनच असत्या तर खरंच तेवढं पुरलं असतं. पण त्या दोनच कधी असतात? पेरणीयंत्रं तीन आहेत आणि ट्रॅक्टर चार. एका ड्रायव्हरला दुपारनंतर दवाखान्यात जायचंय. दोन भावांची वावरं एकाच दिवशी पेरायचीत, नाहीतर घरात वाद. ३७०० ची वाटणी यातली एखादी अट मोडत असेल तर दुसरी घ्यावी लागते, आणि कोणती ते आधी सांगता येत नाही. म्हणून एक उत्तर हातात धरून भागत नाही. शक्य असलेली सगळी उत्तरं चाळणीत शाबूत राहिली पाहिजेत.

शिवाय प्रत्येक अटीची आपली चाळणी असते आणि एकीने मारलेली फुली दुसरीला जागं करते. समजा तलावाखालच्या वावरात पाणी साचलंय आणि केशरी तिथे जाणार नाही असं ड्रायव्हर म्हणाला. एक चौकोन गेला. खर्चाची चाळणी पुन्हा चालते आणि सांगते: आता केशरी नाल्याकाठीच, आणि लाल-निळ्याला नाल्याकाठ बंद. चार वाटण्यांच्या दोन झाल्या. माणसाने एक शब्द बोलावा आणि मशीनने त्याचे सगळे परिणाम लगोलग दाखवावेत, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

मर्यादा आपोआप घट्टही होत जाते. शोधता शोधता ३९०० ची पूर्ण वाटणी हाती आली की मशीन स्वतःच म्हणते, आता ३९०० च्या आतलंच बघू. हाताशी उरलेली रक्कम कमी झाली, चाळणी बारीक झाली, आणखी फुल्या पडल्या.

हा एआय आहे का?

व्यापक अर्थाने कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंग एआयमध्येच मोडतं, तिथूनच ते वाढलं. पण आज ज्याला लोक एआय म्हणतात, म्हणजे लाखो नमुने बघून अंदाज बांधणारी मशीन, ते हे नव्हे. फोटोवरून कपाशीवरचा रोग ओळखणारं ॲप 'बहुतेक लाल्या असावा' म्हणतं, आणि ते चुकू शकतं. चाळणी 'बहुतेक' म्हणत नाही. तिच्या प्रत्येक फुलीमागे साखळी असते आणि ती साखळी कागदावर मांडून दाखवता येते. लाल उठला, हिरवा सरकला, ५०० लागले, ३०० च होते. मला वाटतं, सार्वजनिक कामात कुणालाही 'नाही' सांगणाऱ्या मशीनकडून एवढं मागण्याचा हक्क माणसाला आहे.

लांबच्या वावराचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खर्च बघूनच सगळं ठरलं तर लांबचं, चढावरचं, वाईट रस्त्याचं वावर कायम मागे पडेल. आणि अशी वावरं बहुधा कुणाची असतात ते आपल्याला माहीत आहे.

चाळणीला न्याय कळत नाही. तिला लिहिलेली अट कळते. 'प्रत्येक वावरात ट्रॅक्टर गेलाच पाहिजे' ही अट लिहिली नसती तर सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे कुठेच न जाणं, खर्च शून्य. म्हणून जे सोडायचं नाही ते खर्चाच्या रकान्यात घालायचं नसतं, अट म्हणून लिहायचं असतं. खर्चात घातलं की त्याचा सौदा होतो, चार पैसे वाचले की ते सुटतं. अट सुटत नाही.

माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये अशी एक अट राहून गेली होती. टेकडीवरची जमीन मुरमाड, हलकी. तिथे पाणी थांबत नाही, ओल लवकर उडते. खालच्या काळ्या जमिनीला वाफसा येईपर्यंत थांबलं तर टेकडीवरचा वाफसा निघून गेलेला असतो. तिथे आधी पेरायला हवं. हे मला काकांनीच सांगितलं. 'टेकडी पहिल्या दिवशी' ही ओळ मी त्यांच्यासमोर, त्यांना वाचून दाखवत टाकली. खर्चाचे आकडे मी मोजून आणले होते, ही ओळ मात्र पन्नास पावसाळे पाहिलेल्या माणसाकडूनच मिळायची होती.

दोनशे रुपये

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरव्याचा ड्रायव्हर आला. क्लच घसरतोय, मिस्त्री म्हणतो सपाटीवर चालव, चढावर नेऊ नको. मी हिरवा आणि टेकडी या चौकोनावर फुली मारली. क्षणात सगळी स्क्रीन लाल झाली. ४००० मध्ये एकही वाटणी नाही.

काका ओट्याच्या कडेला बसले होते. काही बोलले नाहीत. आदल्या दिवशीची साखळी त्यांच्या लक्षात होती. बोटांवर मोजत ते हळूच म्हणाले, "लाल वर येते, हिरवा गावाजवळ बसते. पाचशे वाढते म्हनली होतीस ना तू? सदतीसशे अन् पाचशे, बेचाळीसशे."

मी मर्यादेच्या चौकोनात ४२०० टाकले. एकच वाटणी उरली: लाल टेकडीवर, निळा नाल्याकाठी, हिरवा गावाजवळ, केशरी तलावाखाली. वरचे दोनशे काकांकडून घ्यायचे की गटाच्या खात्यातून, यावर थोडी बोलाचाली झाली. गटाचे अध्यक्ष म्हणाले, क्लच गटाच्या ट्रॅक्टरचा गेला, काकांचा नाही. दोनशे गटाच्या वहीत पडले.

साडेआठच्या सुमारास लाल ट्रॅक्टर पेरणीयंत्र उचलून टेकडीच्या वाटेला लागला. मडगार्डवर काका बसले होते, मांडीवर बियाण्याची पिशवी धरून.